विकणे आहे

जनावर विकायचं असलं की त्याच्या शेजारी माणूस उभा करून फोटो काढायचा, अशी आता रीतच पडली आहे. नुसतं जनावर पाहून उंची कळत नाही. शेजारी माणूस असला की गिऱ्हाईक अंदाज बांधतं. माणूस कुठला उभा करायचा, यात खरी हुशारी. उंच गडी उभा केला तर भरलेली गायसुद्धा वासरू दिसते. म्हणून अध्यक्ष दरवेळी आपल्या मुलीला उभी करायचा. पोर सोळा वर्षांची, पण अंगानं लहानखुरी. घरात सगळे तिला बुटकीच म्हणत. बुटकीनं दावं धरलं की हाडं निघालेलं जनावरही डोळ्यांत भरायचं. या युक्तीचा अध्यक्षाला फार अभिमान होता.

अध्यक्ष हे काही त्याचं नाव नव्हे. शाळेत पालक समिती निवडायची होती त्या दिवशी हा उन्हातून येऊन पंख्याखाली बसला. दुसरं कोणी आलंच नाही, म्हणून हेडमास्तरांनी यालाच अध्यक्ष करून टाकलं. तेव्हापासून त्याच्या खिशाला पेन लागलं आणि चालताना हात पाठीमागे जायला लागले. लोक थट्टेनं अध्यक्ष म्हणत, तो ते मानानं घेई. बायकोही अध्यक्षच म्हणायची, पण तिच्या तोंडून तो शब्द पाटीतलं शेण उकिरड्यावर टाकावं तसा पडायचा.

त्या साली पाऊस पार हुकला. विहिरीत दोर टाकला की बादली दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. गावच्या हौदात टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता. आला की बायका हातातलं काम टाकून पळत. अध्यक्षाच्या गोठ्यात चार गायी आणि एक तांबडी कालवड होती. वैरण संपत आली होती, आणि जी होती ती मागल्या सालची, धुळीनं भरलेली. बायको वैरण कापायच्या यंत्राचं चाक फिरवायची आणि बुटकी पेंढ्या त्याच्या तोंडात सारायची. दोघींच्या नाकातोंडात भुसा जायचा. रात्री झोपेतसुद्धा त्यांचा खोकला थांबत नसे. गायींच्या कमरेची हाडं वर आली होती आणि धार काढताना सडातून दुधापेक्षा आवाजच जास्त निघत होता.

अध्यक्ष काय करायचा? तो फोन करायचा. गोठ्याच्या दारातली खाट त्याची आणि फोन त्याचा. जनावरांच्या खरेदी-विक्रीचे जेवढे ग्रुप होते तेवढ्यांत तो होता. त्यातल्या हजारो माणसांपैकी एकाचंही तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना तो भाऊ म्हणायचा. शेण काढायला वाक म्हटलं की त्याची कंबर धरायची; फोनवर मान वाकवून दिवसभर बसला तरी मान काही धरत नसे.

उन्हाळा तापला तशी शाळेत पालकांची सभा भरली. विषय होता, मुलं आणि मोबाईल. शहरातून पाहुणे वक्ते आणले होते. त्यांनी पडद्यावर कोळ्याच्या जाळ्याचं चित्र दाखवलं, मुली कशा फसतात ते सांगितलं, आणि मधेच स्वतःचा फोन वाजला म्हणून दोनदा बाहेर जाऊन आले. मागच्या बाकांवर धारा काढून आलेल्या बाया डुलक्या घेत होत्या. पाहुण्यांनी कामाचं असं एकच सांगितलं, आणि तेही शेवटी, लोक चहाला उठत असताना. कोणी अनोळखी माणूस मुलांच्या मागे लागला तर आधी मुलांचं ऐकून घ्या, त्यांच्यावर ओरडू नका, आणि आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. अध्यक्ष तेव्हा बाहेर चहात साखर किती पडली ते बघत होता.

चहानंतर हेडमास्तरांनी ठराव मांडला: ज्या मुलीचा फोटो फोनवर फिरताना दिसेल, तिला शाळेत घेतलं जाणार नाही. मागून एका बाईनं विचारलं, आणि जो फिरवेल त्याचं काय? हेडमास्तर म्हणाले, वेळ कमी आहे. विचारणारी बाई अध्यक्षाची बायकोच होती, त्यामुळे त्याला कानकोंडं झालं आणि तो ताडकन उठला. आपण आपल्या मुलीला फोनला शिवू देत नाही, आईबापांनी डोळ्यांत तेल घालून राहिलं पाहिजे, असं बोलून त्यानं ठरावाला अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप घेऊन तो घरी आला आणि आल्या आल्या मुलीचा फोन मागितला.

बुटकीचा फोन म्हणजे थोरल्या बहिणीचा जुना, काच तडकलेला. अभ्यासाचे धडे त्यावर यायचे. वर्गातल्या मुलींशी बोलायला तिनं एक खातं काढलं होतं, त्यावर तिचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. फोटोच्या जागी गाईचा एक कान होता. ओळखीशिवाय कुणाला आत यायची सोय नव्हती. अध्यक्षानं चष्मा लावून सगळं उलटंपालटं केलं आणि काहीच सापडलं नाही म्हणून जास्त चिडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण अशाच माणसांसाठी आहे. त्यानं फोन गुरांच्या औषधाच्या पत्र्याच्या पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात वैरणीचा तळ दिसला. चारही गायी जगवायच्या तर कालवड काढणं भाग होतं. तांबडीला बुटकीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पण गोठ्यातल्या पोरी असल्या गोष्टींवर रडत बसत नाहीत. ती एवढंच म्हणाली की मला शेजारी उभी करू नका, त्या ग्रुपांत हजारो माणसं आहेत. अध्यक्ष म्हणाला, त्यांना जनावर बघायचंय, तुला कोण बघतंय? मग तिला नवा ड्रेस घालायला लावून, तांबडीचं दावं हातात देऊन त्यानं फोटो काढला. पाठीमागे घराचं दार आलं, दारावरची पाटी आली. वर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, विकणे आहे. खाली फोन नंबर टाकला आणि सगळ्या ग्रुपांत तो ओतून दिला.

शाळेतल्या पोरांना तो सापडायला वेळ लागला नाही. त्यांचेही बाप त्याच ग्रुपांत होते. एकानं फोटोतली कालवड कापून टाकली, खालचा नंबर उडवला. उरली बुटकी, हातात तुटकं दावं, आणि वर अध्यक्षाची मोठी मोठी अक्षरं. विकणे आहे. तो फोटो बाकाखालून फिरला, मग ट्यूशनला फिरला, मग क्रिकेटच्या मैदानावर फिरला. बुटकी वर्गात शिरली की पोरं भाव विचारायची. ती मान खाली घालून बाकावर जाऊन बसायची आणि सुटेपर्यंत पाणी प्यायलाही उठायची नाही. शेवटी तिनं वर्गाच्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, तू फोटो काढून घेतलासच कशाला? आणि तो फोटो त्यांनी हेडमास्तरांना नेऊन दाखवला.

अध्यक्षाला बोलावणं आलं. तो खिशाला पेन लावून गेला. त्याला वाटलं, पुन्हा सभा असेल. हेडमास्तरांनी फोन पुढे केला. बुटकी भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्षानं आपली अक्षरं ओळखली. घराचं दार ओळखलं. दाव्याची गाठसुद्धा ओळखली, ती त्यानंच मारली होती.

“हे कुणी टाकलं असेल, काही कल्पना?” हेडमास्तरांनी विचारलं.

बुटकी बापाकडे बघत होती. तिला वाटलं, आता बोलेल. एका वाक्याचं काम होतं. अध्यक्षानं घसा साफ केला, टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला आणि म्हणाला, चौकशी करतो. हेडमास्तर म्हणाले, ते बरोबर आहे, पण ठराव तुमच्याच अनुमोदनानं झालाय, आता तुमच्याच मुलीला सूट दिली तर लोक काय म्हणतील? यावर हा माणूस म्हणाला, “नियम तो नियम.” चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं, इथे चोरानंच दोर ओढला.

बुटकीचं दप्तर घरी आलं. परीक्षा तोंडावर होती. ती हुकली तर पुढचं ठरलेलंच होतं. थोरलीचंही असंच एक वर्ष हुकलं होतं. मावशीच्या मोठ्या गोठ्यावर तात्पुरती म्हणून पाठवलेली थोरली आजही तिथे शेण काढते. बुटकीला ते नको होतं. तिला जनावरांचं कामच शिकायचं होतं, पण शिकून, पांढरा कोट घालून, गाभण गाईच्या पोटाला कान लावणारी डॉक्टरीण व्हायचं होतं. हे तिनं एकदाच, धार काढताना, आईला सांगितलं होतं. आईनं त्या संध्याकाळी अध्यक्षाला विचारलं की खरं का नाही सांगितलं. तो म्हणाला, बोभाटा होईल, कालवड विकली की बघू.

तेवढ्यात गिऱ्हाईक लागलं. त्याच्या फोटोत माणूस वयानं पोक्त दिसत होता, बोलणं गोड. त्याला जनावर फार आवडलं होतं. त्यानं लिहिलं, उंचीचा अंदाज येत नाही, मुलीला जरा जवळ उभी करून फोटो पाठवा. अध्यक्षानं पाठवला. मग लिहिलं, चालीत दोष आहे का बघायचंय, मुलीला कालवड फिरवायला सांगा आणि व्हिडिओ काढा. भर उन्हात बुटकीनं तांबडीला घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. पायाखालची माती तव्यासारखी तापली होती. मग लिहिलं, मुलीचा चेहरा नीट येत नाही. अध्यक्षानं तिला डोक्यावरचं फडकं काढायला लावलं.

भाव अध्यक्षानं सांगितला तोच त्या माणसानं कबूल केला. वर लिहिलं की तुमच्याकडे दुष्काळ आहे, माझ्याकडे वैरणीचा ट्रक पडून आहे, तो तसाच पाठवून देतो. अध्यक्षाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या माणसानं मग विचारलं, दुपारी घरी कोण असतं? अध्यक्षानं लिहिलं, मुलगी असते, सध्या शाळेत जात नाही.

बुटकीनं खाटेमागून ते वाचलं.

“बाबा, हा गिऱ्हाईक नाही,” ती म्हणाली. “त्यानं दात विचारले नाहीत. तांबडीच्या आईला दूध किती होतं ते विचारलं नाही. आणि भावही पाडला नाही.”

आयुष्यभर जनावरांच्या बाजारात घासाघीस करून घसा बसवलेला हा माणूस. भाव न पाडणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण वैरणीचा ट्रक त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि त्याच्याआड दुसरं काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, तुझ्या डोक्यात फोननं घाण भरली आहे, म्हणून तुला चांगल्या माणसात वाईट दिसतं.

ठरलेल्या दुपारी अध्यक्ष मोठ्या रस्त्यावर ट्रकची वाट बघत जाऊन उभा राहिला, कारण त्या माणसानं तसं लिहिलं होतं: ट्रकला रस्ता दाखवायला तुम्ही तिथे थांबा, मी परस्पर घरी येऊन जनावर बघतो. बायकोला त्यानं यातलं काही कळू दिलं नाही. टँकर आल्याची हाक ऐकून ती बादल्या घेऊन हौदाकडे पळाली होती. जाताना अध्यक्षानं मुलीला बजावलं की पाहुणे येतील, नीट बोल, तोंड पाडून बसू नकोस.

घर रिकामं झालं. गोठ्यात माशा घोंगावत होत्या.  हाक मारली तर ऐकायला शेजारी कोणी नव्हतं. सगळी वस्ती पाण्याला गेली होती. तिनं दाराला कडी घालून बघितली. त्या कडीचा खिळा सैल होता, कुणी खांदा लावला असता तर निघाला असता. मग तिनं कडी काढली, तांबडीच्या तोंडाची म्होरकी धरली आणि तिला घेऊन सरळ हौदाकडे चालू लागली. जनावर जिथे, गिऱ्हाईक तिथेच आलं पाहिजे, एवढा हिशेब तिला कळत होता.

हौदाभोवती झुंबड होती. बादलीला बादली लागत होती, पाण्यावरून शिव्या चालल्या होत्या. बुटकी आईजवळ जाऊन उभी राहिली आणि कोण येणार आहे ते तिनं हळू आवाजात सांगितलं. आईनं हातातली बादली खाली ठेवली. थोड्या वेळानं घराच्या बाजूनं एक गाडी आली आणि थांबली. माणूस उतरला. स्वच्छ बूट, कडक इस्त्री, केसांना तेल. पुढच्या सभेला पाहुणा म्हणून बोलावला असता तर कोणी हरकत घेतली नसती. तांबडी पाहून त्यानं बुटकीला ओळखलं आणि हसत जवळ आला.

“बाळ, तुझ्या बाबांनी पाठवलंय मला. चल, घरी जाऊन निवांत बघू.”

“जनावर इथे आहे,” बुटकी म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. “इथेच बघा. आधी दात बघा.”

बायका बघायला लागल्या. माणूस जरा घुटमळला. मग सुटका नाही असं पाहून त्यानं दोन बोटांनी तांबडीचा वरचा ओठ उचलला, घाण लागू नये अशा बेतानं. आत डोकावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हिचे वरचे दात पडलेत की,” तो म्हणाला. “म्हातारी आहे ही. फसवता काय?”

 मग डेअरीत दूध मोजणारी म्हातारी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता हौदाच्या कठड्यावर बसली.

“अरे बाबा, गाईला वरचे दात असतात कुठे? तुझ्या आईला विचारून यायचं होतंस.”

हौदावरच्या झाडून साऱ्या बायका हसायला लागल्या. लहान पोरंसुद्धा हसली, कारण गाईला पुढून वर दात नसतात हे त्या वस्तीत रांगत्या मुलालाही ठाऊक होतं. माणसाचा चेहरा उतरला. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

“जनावर बघायला आला नाहीस तू,” ती म्हणाली. “मग कुणाला बघायला आलास?”

ती हळूच बोलली, पण हसणं एकदम थांबलं. बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. पाणी महाग होतं म्हणून त्याच्या अंगावर कोणी ओतलं नाही, एवढंच. तो मागे मागे सरकत गाडीत बसला आणि धूळ उडवत गेला. बुटकीनं तांबडीच्या मानेला मिठी मारली आणि तिथेच खाली बसली. 

मोठ्या रस्त्यावर ट्रक काही आला नाही. अध्यक्ष उन्हानं लाल होऊन परत आला तेव्हा त्याला वाटेतच सगळं कळलं होतं. आता त्याला राग कुणाचा यावा? त्याला राग आला मुलीचा. चारचौघींत तमाशा केलास, म्हणाला. घरात दोन शब्द बोलून वाटेला लावलं असतंस तर बाहेर कळलं तरी असतं का?  बायको एवढंच म्हणाली की फोन घ्या, सकाळी चौकीवर जायचंय.

सकाळी तिघं चौकीवर गेली. तिथली पोलीसबाई बरी निघाली. तिनं बुटकीला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मधे बोलली नाही. मग म्हणाली, मेसेज दाखवा. अध्यक्ष खिडकीबाहेर बघायला लागला. मेसेज त्यानं पुसून टाकले होते. फोटो, व्हिडिओ, त्या माणसाचा नंबर, सगळं. आपण काय काय लिहिलं ते उद्या कोणी वाचू नये म्हणून. त्याला मुलीची नाही, स्वतःची अब्रू दिसली. पोलीसबाई म्हणाली, पुरावा तुम्हीच धुऊन टाकलात. गाडीचा नंबर कुणी बघितला होता का? धुळीत कुणाला दिसला नव्हता. तिनं तक्रार लिहून घेतली आणि हे प्रकरण लांबेल असं स्पष्ट सांगितलं.

परतताना आई त्याच्या चार पावलं पुढे चालत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पण घरी आल्यावर तिनं गुरांच्या औषधाच्या पेटीचं कुलूप दगडानं फोडलं आणि तडकलेला फोन मुलीच्या हातात दिला. अध्यक्ष बघत राहिला. दगड अजून तिच्या हातातच होता.

कालवड विकायची राहिलीच होती. गुरांची भूक तर वाट बघत थांबत नाही. एका सकाळी अध्यक्ष फोन घेऊन उठला आणि सवयीनं म्हणाला, बुटके, दावं धर.

“तुम्ही धरा,” बुटकी म्हणाली. “उंचीसाठी माणूसच लागतो ना? फोन द्या, फोटो मी काढते.”

त्यानं बायकोकडे बघितलं. ती वैरणीचं चाक फिरवत होती, आणि तिनं ते थांबवलं. तेवढं पुरे झालं. अध्यक्ष पोट आत घेऊन तांबडीशेजारी उभा राहिला. बुटकीनं त्याला घराच्या दारापासून बाजूला, नुसत्या कुंपणाजवळ उभं केलं. फोटो काढला. त्याच्याशेजारी तांबडी खरोखरच वासराएवढी दिसत होती. वर तिनं तेच लिहिलं जे तो नेहमी लिहायचा, आणि तो ज्या ग्रुपांत टाकायचा त्याच ग्रुपांत टाकून दिलं. त्यात तिनं आपलं असं काहीच घातलं नव्हतं.

संध्याकाळी अध्यक्ष फोन खाटेवर ठेवून दूध घालायला डेअरीत गेला. रांगेत पोरं आपापल्या फोनवर वाकून खिदळत होती. एकानं विचारलं, अध्यक्ष, दूध किती देता? दुसरा म्हणाला, दात दाखवा. त्याला कळेना. मग दूध मोजणाऱ्या म्हातारीनं नातवाच्या हातातला फोन घेऊन त्याच्यासमोर धरला. कालवड कापून टाकली होती. उरला होता अध्यक्ष, आत घेतलेल्या पोटासकट, हातात तुटकं दावं. वर मोठी मोठी अक्षरं होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, आणि त्याच्या पोटापासून त्याच्या आईपर्यंत त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. लिहिणारे निम्मे त्याचे भाऊ होते, ज्यांना तो रोज नमस्कार पाठवायचा.

तो किटली तिथेच विसरून घरी आला. बुटकी राहिलेल्या गाईची धार काढत बसली होती. गाईच्या पोटाला डोकं टेकून, दोन्ही हातांनी, तिच्या आईसारखी.

“तो फोटो काढून टाक,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

“काढला. मगाशीच,” ती म्हणाली. “पण पोरांकडे आहे. तो आता निघत नाही.”

“लोक काय काय लिहितायत. डेअरीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. उद्या मी जाऊ कसा?”

बुटकीचे हात थांबले नाहीत. दुधाची बारीक धार भांड्यावर वाजत होती.

“मी रोज जात होते, बाबा,” ती म्हणाली. “शाळेत.”

अध्यक्ष खाटेवर बसला.  

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुटकीला घेऊन शाळेत गेला. खिशाला पेन नव्हतं. हेडमास्तर वर्गाच्या बाईंना आपल्या फोनवर काहीतरी दाखवत हसत होते. याला पाहून त्यांनी फोन पालथा घातला, पण हसू आवरायला थोडा वेळ लागला. अध्यक्ष दारातच उभा राहिला. जमिनीकडे बघत म्हणाला, “तिचा फोटो मी काढला होता. मीच टाकला होता.”

एवढंच. हेच त्याला त्या दिवशी म्हणता आलं असतं, तेव्हा फुकट होतं. आता त्यासाठी पोरीला हौदावर उभं राहावं लागलं होतं.

हेडमास्तर म्हणाले, मग आधीच सांगायचं होतं, पालकांनी टाकलेला असेल तर प्रश्नच वेगळा. ठराव काही रद्द झाला नाही. फिरवणाऱ्या पोरांचं काय, हे हेडमास्तरांनी काढलं नाही आणि अध्यक्षानंही नाही. बुटकी वर्गाकडे चालू लागली. मागच्या बाकांवरून कोणीतरी भाव विचारला. ती थांबली, त्या पोराकडे नीट बघितलं, आणि दप्तरातून तडकलेला फोन काढून त्याचं नाव, वर्ग आणि तो जे बोलला ते सगळं त्याच्यासमोरच त्यात लिहून ठेवलं. पोरानं मान फिरवली. मग ती आपल्या बाकावर बसली आणि पुस्तक उघडलं.

अध्यक्ष अंगणात थांबला होता. आपण मोठं काम केलं असं त्याला वाटत होतं आणि कोणीतरी येऊन पाठीवर थाप मारेल, असंही. बाई समोरून गेल्या, शिपाई गेला, हेडमास्तरही एकदा दारात येऊन आत गेले. कोणी थाप मारली नाही. ऊन वर आलं तसा तो घरी निघाला. गोठ्यात शेण तसंच पडलं होतं, आणि आज ते काढायला बुटकी नव्हती.

बायकोनं शेणाची पाटी त्याच्या पायाशी आणून ठेवली.